वाजणारी मूर्ती

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी सीटी मशीनचं कॅलिब्रेशन करत होते, तेवढ्यात केली एक पेटी घेऊन श्रूजबरीतल्या आमच्या लॅबमध्ये आली. केली म्युझियमची रजिस्ट्रार. येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूंची जबाबदारी तिची.

"ऐक," म्हणत तिने पेटीतली मूर्ती दोन्ही हातांनी उचलून अलगद कलती केली. आत काहीतरी खुळखुळलं.

मूर्ती न्यू मेक्सिकोतल्या एका प्वेब्लोमधली, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावातली. मातीची बाई पाय पसरून, तोंड उघडून गोष्ट सांगतेय. मांडीवर, खांद्यांवर सतरा पोरं लोंबकळतायत. घडवणारी रोझ सत्तरीची. तिचं म्युझियममधलं पहिलं प्रदर्शन शनिवारी उघडणार होतं आणि त्यात मधोमध हीच मूर्ती. 'प्रवासात डॅमेज' असा रिपोर्ट गेला, तर ती इन्शुरन्सवाल्यांकडे जाणार. रिपोर्ट दुपारी द्यायचा होता.

माझा बॉस ब्रायन दारातूनच म्हणाला, "आपण कारखान्यातून आलेले कृत्रिम हिप जॉइंट तपासतो. मूर्त्या नाही."

"हिप जॉइंट दहा वाजता. तोवर मशीन माझं."

आमची सीटी म्हणजे वस्तू न फोडता आतून पाहणं. चाळीस मिनिटांत चित्र आलं. भिंती अखंड. मातीच्या वळ्या एकावर एक चढवलेल्या, बोटांचे दाबसुद्धा दिसत होते. पोटात हरभऱ्याएवढी एक गोळी.

"तुटलेला तुकडा," केली म्हणाली.

"तुकड्याला कड असते. ही गुळगुळीत आहे. आणि तुकडा निघाला तर खड्डा हवा. दाखव कुठे आहे."

तिला सापडला नाही. मलाही नाही.

"रोझला विचारलंस?"

केलीने नकारार्थी मान हलवली. तीन दिवस सगळे मूर्ती हलवून ऐकत होते. फोन कुणीच केला नव्हता.

मी स्पीकरवर लावला. "रोझ, तुमची मूर्ती वाजतेय."

"वाजणारच. पोट बंद करायच्या आधी गोळी मीच टाकते. भाजून निघाली की हलवून बघायचं. बद्द वाजली तर समजायचं, तडा गेला."

"आम्ही माठ घेताना टिचकी मारून बघतो, तसंच."

"मग तुला ठाऊक होतं की! कशी वाजतेय?"

"खणखणीत."

"मग मला एवढ्या सकाळी उठवलंस कशाला?"

केली हसायला लागली. दहाला पाच मिनिटं असताना मी 'डॅमेज नाही' लिहून सही केली. शनिवारी मूर्ती मधोमध होती, आणि रोझ ती येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः वाजवून दाखवत होती. हातातून पडली तर बघवणार नाही, म्हणून केलीने डोळे मिटून घेतले होते.

त्याआधी, बुधवारी सकाळीच, मी मंगळवारचं उरलेलं एक काम संपवलं. लॅबच्या फॉर्मवर पहिला प्रश्न घातला: बनवणाऱ्याला फोन केला का?

ब्रायनने वाचला. "हिप जॉइंटवाल्यांनाही?"

"त्यांना आधी," म्हटलं आणि मशीन सुरू केलं.