चिकणा, रेडा आणि कृपाबाईंचं टेबल

मीटिंग चारला होती, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी कृपाबाईंच्या लक्षात आलं की आपण पंधरा दिवस डोळे उघडे ठेवून झोपलो होतो.

शिरूरच्या बाजारपेठेमागच्या वाचनालयात दाराजवळ त्यांचं टेबल आहे. तेवीस वर्षं तिथंच. वर पाटी, ‘माहिती’. उत्पन्नाचा दाखला कुठं मिळतो, दौंडहून पुण्याला गाडी किती वाजता, घरकुलाच्या यादीत नाव आलं का, मेलेले आजोबा सातबाऱ्यावर अजून जिवंत कसे, लोक काय वाट्टेल ते विचारतात आणि कृपाबाई सांगतात. गोड बोलून नव्हे हं. ‘मागच्या खेपेला लिहून दिलं होतं ना? कुठं गेला कागद? चुलीत?’ असं खेकसून. पण सांगतात.

आता त्या टेबलाच्या जागी कियॉस्क यायचा होता. नाव मोठं, वस्तू साधी: लाकडी खांबावर बसवलेला एक टॅब. बोट लावा, हवी ती माहिती वाचा. एक शिरूरला, एक दौंडच्या वाचनालयात. कुठला टॅब घ्यायचा एवढंच ठरायचं राहिलं होतं. आणि वाचनालयाच्या समितीनं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की कियॉस्क नीट चालला की टेबल बंद आणि बाईंचं कामही बंद. बाईंना छप्पन्न पूर्ण. नवरा सॅम्युएल जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी स्वीटी नगरला असते, म्हणते, ‘ये इकडं, नातवाला सांभाळ.’ नातवाला सांभाळायला बाईंची ना नव्हती. दुसरं काहीच न करायला होती.

आणि टॅबची परीक्षा घ्यायचं काम दिलं कुणाला? बाईंनाच! लोक काय विचारतात ते दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

त्यांनी ते चोख केलं. पुरवठादारानं दोन नमुने ठेवले होते. एक पातळ, चकचकीत. अभ्यासिकेतल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं चिकणा. दुसरा जाडजूड, कडेला काळं रबर, तो रेडा. चिकण्यापुढं पोरांची रांग लागायची, रेडा कोपऱ्यात धूळ खायचा. बाईंनी पंधरा दिवस शेजारी अभिप्रायाची वही ठेवली, रोज वाचली, आणि अहवालात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘पातळ टॅब घ्यावा. एकही तक्रार नाही.’ खाली सही.

आज बाजारचा दिवस. तीनच्या सुमाराला विठाबाई आल्या. खुरपणी नि कांदाकापणीच्या टोळीतल्या, चौथी शिकलेल्या, बाईंच्या जुन्या गिऱ्हाईक. आज टेबलाकडं आल्याच नाहीत. आजूबाजूला कुणी नाही असं बघून चिकण्यापुढं उभ्या राहिल्या. बोट लावलं. काही नाही. दुसरं लावलं. काही नाही. मग बोट दुमडून पेराचं हाड काचेवर टेकवलं, दार वाजवावं तसं. पान उघडलं, ते भलतंच. विठाबाईंनी पदर सावरला नि गुपचूप दाराकडं निघाल्या.

ते दुमडलेलं बोट बाईंच्या ओळखीचं होतं. त्यांचे वडील बन्यामीन दौंडला रेल्वेत गँगमन होते. रुळांखालची खडी ठोकून बोटं अशी झालेली, की बायबलचं पातळ पान चिमटीत यायचं नाही. ते पेरानं पान सरकवायचे. असंच.

“विठाबाई, थांबा! काय झालं?”

“कुठं काय.”

“घरकुलाच्या यादीत नाव बघायचं होतं ना?”

“बघीन की पुढल्या बाजारी. यष्टी पाचला हाय, बसते भाईर बाकड्यावर.”

“मशीन चालेना का?”

“मशीन ब्येस हाय वो. माझंच बोट मेलंय. रेशनच्या मशीनला बी अंगठा लागत न्हाई माझा. त्याला मशीन काय करंल?”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? त्या पोरास्नी हसाया कारण?” विठाबाईंनी हात पदराखाली घेतले. “आमच्या टोळीतल्या समद्याच यिऊन गेल्या. एकीचं बी लागलं न्हाई.”

एकही तक्रार नाही! बाईंना स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. त्यांनी विठाबाईंना धरून कोपऱ्यातल्या रेड्यापुढं नेलं. “लावा.”

लावलं. पहिल्याच फटक्यात पान उघडलं. विठाबाई दचकून मागंच सरकल्या.

ग्रंथपाल विनोद हे सगळं कपाटाआडून बघत होता. विठाबाई बाकड्यावर जाऊन बसल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाई, माझं ऐका. गप बसा. येऊ दे चिकणा. बोटं लागणार नाहीत, महिन्याभरात सगळे परत तुमच्याच टेबलापुढं. टेबल हलवायची छाती होणार नाही कुणाची.”

खोटं कशाला सांगा, बाई गप्प बसल्या. चांगली दहा मिनिटं. विनोद बोलला त्यात चूक काहीच नव्हती. अहवाल गेलेला, सही झालेली. तोंड उघडायचं नाही, एवढंच काम होतं. पण त्या महिन्यात विठाबाई किती वेळा पदराखाली हात घेऊन परत जाणार, तेही त्यांना दिसत होतं.

चारला समिती बसली. अध्यक्ष साहेबराव, दौंडच्या वाचनालयातर्फे राहू गावचे मारुतराव आप्पा, आणखी दोघं, आणि पुरवठादाराचा माणूस महेंद्र. त्याची बोटं सायीसारखी. चिकण्यावर फिरवून म्हणाला, “बघा सर. लोण्यासारखं चालतंय.”

“मग करा सह्या,” साहेबराव म्हणाले.

“मी माझा अहवाल मागं घेते,” बाई म्हणाल्या.

पेनं थांबली. बाईंनी विठाबाईंचं नाव न घेता काय घडलं ते सांगितलं. साहेबराव खुर्चीत मागं रेलले.

“पंधरा दिवस तक्रार नाही, आन् आज सहीच्या टायमाला आठवली? कृपाबाई, टेबल सुटंना असं म्हणा की सरळ!”

दोघं हसले. बाईंचे कान तापले. विठाबाई बाहेर हाकेच्या अंतरावर होत्या, आत बोलवायचा अवकाश. पण त्या बाईचं बोट पाच पुरुषांपुढं मांडायचं? छे. बाईंनी चिकणा उचलला आणि मारुतराव आप्पांच्या पुढ्यात ठेवला. आप्पा सत्तरीचे, जन्म उसात गेलेला.

“आप्पा, तुम्ही लावा बोट.”

“मला कशाला? तुम्ही शिकलेली मान्सं बघा.”

“तुमच्या वाचनालयात बसणार आहे हा. लावा.”

आप्पांचे हात टेबलाखाली होते. मानी माणूस. ते बाईंकडं बघत राहिले, बाई त्यांच्याकडं. आप्पा उठून गेले असते तर रेडाही गेला असता आणि बाईंची इभ्रतही.

“तुम्ही लई बोलता, बाई,” आप्पा म्हणाले, आणि हात वर काढला.

एकदा लावलं. दोनदा. तिसऱ्यांदा काच दाबून धरली. चिकणा ढिम्म.

“आप्पा, बोट जरा ओलं करून...” महेंद्र म्हणाला.

“थुकी लावू व्हय वाचनालयाच्या वस्तूला?”

कुणी हसलं नाही. बाईंनी रेडा पुढं सरकवला. आप्पांनी बोट टेकवलं आणि पान उघडलं. आप्पांनी आपलंच बोट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, “घरी सूनबाईच्या मोबाईलचं बी ह्येच हुतं. मी म्हन्तो, मला मोबाईल आवडत न्हाई.”

महेंद्रनं घसा खाकरला. “हा हातमोजे घालून काम करणाऱ्यांसाठी बनवलाय, म्हणून जाड कातडीचं बोटही ओळखतो. पण दिसायला जरा...”

“दिसण्याचं काय करायचंय? लग्न लावायचंय का त्याचं?” बाई म्हणाल्या.

दोन्हीकडं रेडाच, असं ठरलं. सह्या झाल्या. साहेबरावांनी चष्मा काढला. आवाज आता खाली आला होता. “कृपाबाई, हा तर समद्यास्नीच चालंल. मग तुमचं टेबल... कळतंय ना?”

“न कळायला काय झालं? लिहा इतिवृत्तात. एक तारखेपासून ना?”

एस.टी.ला अजून वेळ होता. बाईंनी विठाबाईंना बाकड्यावरून उठवून आत आणलं. रेड्याची धूळ पदरानं पुसली. विठाबाईंनी तालुका दाबला, गाव शोधायला लागल्या. यादी खाली सरकवायची कशी ते त्यांना उमगेना. बाईंचा हात आपोआप पुढं गेला. तेवीस वर्षांची सवय.

“ऱ्हाऊ द्या,” विठाबाई म्हणाल्या. “आन् जरा सरा की बाजूला, बाई. तुमची सावली पडतीय, मला दिसंना.”

बाई सरकल्या. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. विठाबाईंनी बोट काचेवर ठेवलं आणि गावांची नावं एकेक करून वर सरकू लागली.