कपाळावरून उतरवलेलं नाक

“हे तोंडावर घट्ट बांध. पाहुण्यांना जेवताना किळस येते.”

असं म्हणून हॉटेलच्या मालकीणबाईंनी जाड कापडी मास्क माझ्या अंगावर फेकला. पायाशी पडला. मी वाकून उचलला. वाकल्यावर कपाळात कळ गेली.

माथेरानच्या त्या हॉटेलात मी वाढपाचं काम करायची. डोंगराखालच्या पोशीर गावची बौद्धाची मुलगी, पुढच्या हॉलमध्ये ताटं वाढते, याचंच घरी केवढं कौतुक. तिथेच दारात पाहुण्यांच्या बॅगा उतरवताना घोड्याने चावून माझ्या नाकाचा शेंडा तोडला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कपाळाच्या कातडीची पट्टी सोलली आणि खाली वळवून नाकावर शिवली. पट्टीचं एक टोक भुवईपाशी तसंच जोडलेलं ठेवलं. त्यातूनच नव्या नाकाला रक्त जाणार. नाक तिथे रुजलं की मधला भाग कापायचा. तोवर दोन डोळ्यांच्या मधून मांसाची दोरी लोंबत राहणार. तिच्यावर दाब आला तर सगळं मरेल, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

आरशात बघून मी रडले. आई रोज ओल्या कापसाने कडा पुसायची. म्हणायची, “दाबू नको गं त्याला. जितं हाय ते.”

पण हंगाम सुरू झाला. बाईंचा निरोप आला, उद्या ये, नाहीतर दुसरी मुलगी बघते. घर माझ्या कामावर चालायचं. गेले. बाईंना त्या दोरीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या लोकांचे नखरे फार. आणि मास्क फेकला.

मी बांधला. माझ्याच हाताने. मास्कचा वरचा काठ नेमका त्या दोरीवर आवळला. दुपारभर वाढत राहिले. आत ठणकायला लागलं. मग ठणकणंही थांबलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मोरीत जाऊन मास्क काढला. नाकाची एक कड जांभळी, गार पडलेली. यांना जेवण जावं म्हणून मी माझं उरलंसुरलं तोंड मारत होते.

तशीच हॉलमध्ये आले. मास्कशिवाय. चमचे थांबले. बाई धावत आल्या. मी म्हटलं, “बाई, कपाळ एकच हाय. परत सोलायला दुसरं नाय.”

त्यांनी दंडाला धरून मागच्या दाराकडे ओढलं. मी हात सोडवला आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. काम गेलं.

ती कड काळी पडली, मेली. डॉक्टरांना खरवडून काढावी लागली. बाकीचं जगलं. डाव्या नाकपुडीला खाच राहिली. ती घोड्याची नाही, बाईंची आहे.

पुढच्या हंगामात पुन्हा निरोप आला. मागे भांड्यांवर ये म्हणे, तिथे कोणी बघत नाही. घरात तेव्हाही ओढाताणच होती. मी येणार नाही म्हणून कळवलं. उपाशी राहीन. पण कुणाला घास गोड लागावा म्हणून हे तोंड पुन्हा झाकणार नाही. ज्याला बघवत नाही त्याने मान फिरवावी.