तात्यांचा दगड आणि आमचं मशीन

सीटी स्कॅनच्या मशीनवर बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मशीन माणसाच्या आत बघतं, म्हणून बाहेरचे सगळे आमच्याकडे संशयाने बघतात! अंबाजोगाईत माझी एवढी वर्षं यातच गेली. पण शिरूर कासारकडच्या तात्यांनी सगळ्यांना मागे टाकलं.

* * *

माझ्या ओळखीच्या वाघमारे मॅडम कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. तात्यांच्या विहिरीच्या खोदकामात निघालेल्या एका दगडात मॅडमना बारीक हाड दिसलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पालीसारख्या प्राण्याचं असावं, असा त्यांचा अंदाज. दगड न फोडता आत बघायचं होतं. मी म्हटलं, "दुपारी या, पेशंट कमी असतात."

मॅडम आल्या. मागोमाग दगड पोटाशी धरून तात्या! वॉचमनने अडवलं, "काय हाय त्यात?"

"पाल," तात्या म्हणाले.

तेव्हापासून वॉचमन मला एकट्याला गाठून विचारतो, "सायेब, खरं सांगा, सोनंच होतं न्हवं?"

* * *

स्क्रीनवर अंगठ्याएवढं डोकं दिसलं. धूसर, पण जबडा कळत होता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

तात्या म्हणाले, "ह्यो फोटू तुमच्या मशीनमधी आदीच भरलेला असंल!"

आणि पिशवीतून सीताफळ काढलं. "याचा काढा बरं."

काढला. फळात एका बाजूला पोकळी दिसली. तात्यांनी फळ तिथंच फोडलं, तर आत अळी! चांगली बाजू खाता खाता म्हणाले, "मशीन खरं बोलतंय. मान्सांचं अजून बघायचंय."

* * *

आमचं मशीन माणसांसाठीचं. पालीचे दात सुटे दिसायला दूरच्या शहरातलं खास मशीन लागतं, आणि दात दिसल्याशिवाय प्राणी कोणता ते ठरत नाही. मॅडमचा सगळा जीव त्या दातांत अडकलेला. तात्या मात्र दगड घरी घेऊन गेले आणि "न्हाई"वर अडून बसले.

मग एकाएकी त्यांनी मॅडमना मांजरसुंब्याच्या धाब्यावर बोलावलं आणि दगड कापडात शिवून केलेली पोटली हातात दिली.

"शिवण उसवायची न्हाई. मशीन आरपार बघतंय ना? मग कापडातून बघा!"

* * *

त्या दूरच्या शहरातून मॅडमचा फोन आला.

"डोकंच नाहीये! दगडाच्या फटीत नुसता लोखंडी खिळा! त्या दिवशी मशीनच्या खोलीत दगडाजवळ तुम्ही एकटेच होतात ना?"

मला फार लागलं. मी वॉचमनकडे संशयाने बघायला लागलो. तो तर माझ्याकडे आधीपासूनच बघत होता!

* * *

मॅडम परत आल्या त्या पोटली घेऊन थेट सेंटरवर. तात्यांनाही बोलावून घेतलं. मॅडमना रडू आवरेना. "तात्या, तुमचा दगड कुणीतरी बदलला हो. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

तात्यांनी पोटली हातात घेऊन शिवण बघितली. "टाके परत घालता येतात. सायेब, मशीनमधी ठेवा."

ठेवली. स्क्रीनवर खिळा पांढराशुभ्र चमकला.

"माझाच हाय," तात्या म्हणाले. "मीच ठोकलाय. मान्सांचंबी बघून झालं."

तात्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला तो पहिला, पालीचा दगड काढला आणि मॅडमच्या ओंजळीत ठेवला.

"ह्यो घिऊन जा, पोरी. याला खिळा न्हाई ठोकला."