आजारी वाफा

कुसुमताई गेल्याचा ट्रंक कॉल त्यांच्या भाच्यानं निपाणीहून केला, त्याला आता महिना होऊन गेला. मी लखनऊत, अलीगंजच्या घरी भाजी निवडत होते. ती तशीच टाकून, ताईंनी आणि मी जिथे बरोबर काम केलं त्या संशोधन संस्थेच्या शेतावर रिक्षानं निघाले. तिथे देखरेख करणाऱ्या मिश्राजींचं ताईंशी नातं असं, की त्यांना हे फोनवर कळवणं बरं नव्हतं. त्यांना ही बातमी मीच सांगायला हवी होती.

निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. मूळकुजीनं उभी रानं माना टाकताना ताईंनी लहानपणीच पाहिलेली. लखनऊला शास्त्रज्ञ म्हणून आल्या आणि एकच ध्यास घेतला, मुळं न कुजणारं वाण काढायचं. रानटी जातीशी संकर, मग निवड, पुन्हा संकर... बाईंचा चिवटपणा काय सांगावा! त्यासाठी एक वाफा त्यांनी मुद्दाम आजारी ठेवला होता. त्या मातीत रोग जपायचा, तिथेच आपली रोपं लावायची आणि शेजारी हमखास बळी पडणारं जुनं वाण. जुनं मेलं आणि आपलं जगलं, तरच आपलं खरं. सकाळी आल्या की आधी त्या जुन्या ओळीपाशी जायच्या. लेकरांपेक्षा शेजारणीचीच चौकशी जास्त, असं मी चिडवायचे.

योजना चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला समिती आली, त्या वर्षी सगळा वाफा हिरवागार होता. अध्यक्ष खूश. ताई मात्र जुन्या ओळीपुढे थबकल्या. तीही टवटवीत! लागवडीआधी मिश्राजींनी फॉर्मॅलिन ओतून माती निर्जंतुक करून टाकली होती. मोठ्या अदबीनं म्हणाले, "दीदी, मेहमानों को मरे हुए पौधे दिखाते अच्छा लगता है क्या?"

ताईंनी समितीला तिथेच सांगितलं, यंदाचा निकाल धरू नका, माती बरी झालीय. योजनेचा निधी थांबला. मूठ झाकलेलीच ठेवायची होती, असं मी संध्याकाळी रागानं म्हणाले. ताई हसल्या. "अगं, शेतकरी लावील ना ते. त्याच्या रानात फॉर्मॅलिन ओतायला मिश्राजी कुठून आणू?"

मग त्या गावोगाव रोगट माती मागत हिंडल्या. लोक वेड्यात काढायचे. माती भरलेल्या ट्रॉलीवर शेजारी मिश्राजी, मान खाली घालून बसलेले. पुढच्या हंगामात जुनी ओळ साफ झोपली आणि ताईंची रोपं ताठ उभी राहिली. त्यांनी आधी मिश्राजींनाच हाक मारली. "अब बुलाइए मेहमानों को." समिती पुन्हा आली, योजना सुरू झाली आणि ते वाण शेवटी शेतकऱ्यांच्या रानात गेलं. निवृत्तीनंतर ताई आजारी वाफा मिश्राजींच्या हाती सोपवून निपाणीला परतल्या. मला त्यांचा अभिमान होता, आहे. आणि आता फार एकटंही वाटतं...

फोन आला त्या दिवशी मी शेतावर पोचले, तेव्हा मिश्राजी कुणा साहेबांना वाफा दाखवत होते. साहेब हिरव्या रोपांकडे वळले. मिश्राजींनी त्यांना अदबीनं थांबवलं आणि सुकलेल्या ओळीकडे नेलं.

"पहले इधर, साहब. हमारी दीदी पहले यही देखती हैं."

मी बांधावरच थांबले. साहेबांचं पाहून होईपर्यंत मिश्राजींना काही सांगितलं नाही.