पलटणीच्या चालीतलं पाचोडचं वळण

वडिलांचं क्लॅरोनेट दुरुस्त करायचं की माझी फी भरायची, हा प्रश्न आमच्या घरी दर जूनला पडायचा, आणि दर वेळी फी जिंकायची. वडील पाचोडच्या बँडात. त्यांच्या वाद्याची वरच्या सुराची चावी तुटलेली. सायकलच्या ट्यूबचं रबर आवळून कायमची मिटवलेली. चालीत तो सूर आला की वडील तिथून खाली वळायचे.

नवरी सासरी निघाली की बँड ‘पलटण’ वाजवायचा. छावणीतल्या गोऱ्या पलटणीकडून कुणीतरी ऐकून उचललेली संथ चाल, एवढंच सगळ्यांना ठाऊक. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी तीच घेतली. पाचोडचं वाजवणं मोबाइलवर टिपलं, पडेगावच्या बँडाचंही. इंटरनेटवर शोधत गेले तर चाल थेट स्कॉटलंडमध्ये सापडली, निरोपाचं गाणं म्हणून. आयर्लंडमध्ये तीच दुप्पट वेगानं, नाचायला! मूळची कुणाची, यावर दोन्हीकडचे अजून भांडतात.

“म्हंजी आपल्यावानीच,” वडील हसले. “पडेगाववाले बी म्हणतेत, पलटण आमचीच.”

माझ्या मार्गदर्शक सरांनी पाचोडचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, “हे वादक चुकताहेत. यांना वगळा.”

ते माझे वडील आहेत, हे मी सांगितलं नाही. लाज वाटली, खरं तेच लिहिते. घरी मात्र मी सरांचं बोलणं बोलून गेले.

वडील रबराकडं बघत म्हणाले, “बरोबर हाय की सरांचं. टाक काढून. माझ्यापायी तुझं काम अडायला नको.”

ते रबर माझ्या फीपायी होतं.

मग हट्टानं महिनाभर मिळतील तेवढी रेकॉर्डिंगं ऐकली. एका स्कॉटिश बॅगपाइपवर चाल त्याच जागी आली आणि खाली वळली. अगदी वडिलांसारखी. बॅगपाइपला सूर मोजकेच; तेवढा वरचा निघतच नाही. तिथं त्याला कुणी चूक म्हणत नाही, चालीचं आणखी एक रूप म्हणतात. आणि पाचोडची नवी पोरं, चांगल्या चाव्या असूनही, वडिलांकडून शिकली म्हणून तिथंच वळतात.

दोन्ही रेकॉर्डिंगं सरांपुढं लागोपाठ लावली. या वेळी म्हटलं, “सर, हे माझे वडील.”

सरांनी तेवढा तुकडा तीनदा ऐकला. “वगळू नका,” म्हणाले. “यावर वेगळं प्रकरण लिहा.”

नोकरी लागल्यावर शहरातल्या क्रांती चौकातल्या वाद्यांच्या दुकानातून मी क्लॅरोनेटला नवी चावी बसवून आणली. वडिलांनी वरचा सूर चांगला लांबवून वाजवला. “लई गोड हाय गं.” मग पलटण धरली, आणि खालीच वळले.

“अहो बाबा, आता निघतोय ना सूर!”

“व्हय, पण आता वर गेलो तर पोरं म्हणतील, काका चुकले.”

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचं नाव ‘पाचोडचं वळण’ आहे, आणि त्यात वादक म्हणून वडिलांचं नाव छापलेलं आहे.