जगलेल्या झाडांचा रकाना

"पाणी शेवटचं कधी घातलं?"

ताईंचा हा पहिला प्रश्न. नमस्कार-चमत्कार नंतर. ठेकेदाराच्या माणसाला असं विचारणं त्यांचं कामच होतं, पण एकदा आमच्या ऑफिसच्या दारातली कुंडी बघून त्यांनी थेट मोठ्या साहेबांनाच विचारलं. साहेब गडबडून "कालच" म्हणाले. ताईंनी मातीत बोट खुपसलं, ते कोरडं बोट त्यांना दाखवलं आणि त्या आत गेल्या. त्या दिवसापासून साहेब स्वतः कुंडीला पाणी घालू लागले.

चाकणच्या बाजूला रुंद झालेले रस्ते तुम्ही पाहिले असतील. कडेला ओळीने उभे असलेले लोखंडी पिंजरेही पाहिले असतील. त्यातल्या कुठल्या पिंजऱ्यात झाड आहे आणि कुठल्यात नुसतीच काडी, हे धावत्या गाडीतून कळत नाही. खाली उतरून ते बघणं हे आमचं काम. सरकारी पैशातून होणाऱ्या कामांत पर्यावरणाच्या अटी पाळल्या जातात की नाही, ते तपासणारी आमची छोटी संस्था चिंचवडला दोन खोल्यांत होती. मी कॉम्प्युटरवर माहिती भरायचो. ताई स्कूटरवरून उन्हातान्हात हिंडायच्या.

त्या पिंपळे गुरवच्या. वडील कंपनीत फिटर होते आणि ताईंनी स्वतःही भोसरीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं पार्ट तपासले होते. कारखाना बंद पडला, पण तपासणी काही अंगातून गेली नाही. लग्नाच्या पंगतीत बसल्या तरी पत्रावळ उलटसुलट करून बघायच्या. आमच्याकडे त्या वर्षाच्या करारावर आल्या होत्या. करार दर वर्षी नवा व्हायचा, म्हणजे साहेबांच्या मनात असेल तर व्हायचा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या फॉर्मवर बोट ठेवलं. त्यात 'लावायची झाडे' आणि 'लावलेली झाडे' असे दोन रकाने होते. दोन्ही आकडे जुळले की काम पूर्ण.

"अरे, आणि जगलेली कुठे लिहायची?" त्यांनी मला विचारलं.

"तसा रकाना नाही, ताई."

"मग हा फॉर्म खड्डे मोजायचा आहे. झाडं मोजायचा नाही."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. काम पूर्ण अशी नोंद झाली की ठेकेदाराची जबाबदारी संपते आणि टँकर बंद होतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. टँकर बंद झाला की पहिल्या उन्हाळ्यात सगळी ओळ वाळणार. त्यामुळे जगलेल्या झाडांचा रकाना फॉर्ममध्ये आला पाहिजे, हे त्यांनी डोक्यात घेतलं. पत्रं लिहिली. फोन केले. सगळीकडून एकच उत्तर यायचं, फॉर्म वरून आलाय. "वरून म्हणजे कितव्या मजल्यावरून?" असं ताई अगदी सरळपणे विचारायच्या आणि पलीकडून फोन ठेवला जायचा.

मार्च उजाडला. शेवटच्या आढाव्याची बैठक लागली. त्या दिवशी ताई ऑफिसला आल्या त्या पाठीवर वाळक्या काड्यांची मोळी बांधूनच. प्रत्येक काडीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला होता. चाकणच्या ओळीतली मेलेली रोपं त्यांनी सकाळी जाऊन उपटून आणली होती.

"ताई, हे काय?"

"कंपनीत रिजेक्ट पार्ट सकाळच्या मीटिंगला टेबलावर ठेवतात. त्याच्यावर भाषण नाही करायचं. नुसता ठेवायचा."

बैठकीत ठेकेदाराने हिरव्यागार फोटोंची फाईल उघडली आणि ताईंनी त्या फायलीवरच मोळी सोडली. काचेच्या टेबलावर माती पसरली. ठेकेदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. खोटं कशाला सांगू, मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

अध्यक्षस्थानी बसलेले अधिकारी शेतकऱ्याघरचे असावेत. त्यांनी एकेक काडी उचलली, नखाने साल खरवडली आणि बाजूला ठेवली. आत तपकिरी. तपकिरी. पुन्हा तपकिरी. मग एका काडीपाशी ते थांबले. त्यांनी ती ताईंच्या समोर धरली.

सालीखाली हिरवं होतं. ओलं, पोपटी हिरवं.

"बहावा आहे, ताई. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो. हे झाड जिवंत होतं."

ठेकेदार हळूच हसला. झाडं वाचवायला निघालेल्या बाईने जिवंत झाड उपटून आणलं होतं. आता एवढंच म्हणायचं होतं की उन्हात कळलं नाही, घाईत झालं. कुणीही तेच म्हटलं असतं. मी तर मनातल्या मनात त्यांच्या वतीने तसं म्हणूनही टाकलं.

ताई उठून उभ्या राहिल्या.

"उपटताना जोर लागला होता," त्या म्हणाल्या. "बाकीची अलगद आली. हे येत नव्हतं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पार्ट बाद म्हणजे बाद, त्याला पालवी फुटत नाही, मला तीच सवय. चूक माझी आहे. इतिवृत्तात लिहा."

"राहू द्या, एवढं काही…" अधिकारी म्हणाले.

"नाही साहेब, लिहा. तपासणाऱ्या बाईने न खरवडता झाड मेलेलं ठरवलं, असं माझ्या नावानिशी लिहा. पण मग तेही लिहा, की पंचवीस वर्षं तपासणी केलेल्या बाईला जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं हे नुसतं बघून कळलं नाही, तर फोटो बघून तुम्हाला कसं कळणार? खरवडून बघायला सांगणारा रकाना पाहिजे, साहेब."

रकाना आला. त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये तिसरा रकाना छापून आला, 'जगलेली', आणि तो आकडा जुळेपर्यंत काम अपूर्ण, टँकर चालू. ते इतिवृत्तही तसंच राहिलं, ताईंच्या नावानिशी. ठेकेदाराने त्याची प्रत जोडून तक्रार केली, की तपासणीसच सरकारी झाडं उपटतात. साहेबांनी करार पुढे नेला नाही. मी चिडलो, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन वाद घातला, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ताईंनी मलाच दटावलं. "इतिवृत्तात खरं लिहिलंय ना? मग भांडतोस कशाला?"

तो बहावा त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी परत नेऊन लावला होता. करार संपल्यावरही दर रविवारी स्कूटरवर पायापाशी पाण्याचा कॅन ठेवून त्या पिंपळे गुरवहून चाकणला जायच्या. पावसाळ्यात त्याला चार पानं फुटली, तेव्हा मला फोन करून त्यांनी चारही पानांचं वर्णन केलं. पुढे लेकीच्या बाळंतपणाला त्या नाशिकला गेल्या आणि तिथेच राहिल्या.

त्यांच्या जागी कुणी नेमलंच नाही. आता फॉर्म घेऊन मी जातो. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख मी वाढवलंय. त्यावरून घरी रोज बोलणी खातो.

यंदाच्या मार्चमध्ये त्या ओळीत गेलो. बहावा निष्पर्ण उभा होता. वरती खरवडलं, तपकिरी. मध्ये खरवडलं, तपकिरी. गुडघे टेकून बुंध्याशी खरवडलं, तिथेही तपकिरी. टँकरचं पाणी सगळ्या ओळीला मिळालं होतं, पण हे रोप एकदा मुळासकट निघालेलं. मला लिहवेना.

ठेकेदाराचा मुकादम जवळच्याच गावचा, भला माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं. "लिवा की जिवंत, भाऊ," तो म्हणाला. "ताईंचं झाड हाय. एका झाडानं काय व्हतंय?"

मी पेन खिशात ठेवलं आणि नाशिकला फोन लावला. मागे बाळ रडत होतं. मी झाडाचा नंबर सांगितला. तो त्यांना पाठ होता.

"बुंध्याशी बघितलंस?"

"बघितलं, ताई."

त्यांनी बाळाला दुसऱ्या कुणाकडे तरी दिल्याचं ऐकू आलं.

"मग मला काय विचारतोस? जगलं नाही. तसंच लिही."

मी "बरं" म्हणालो आणि फोन कानाशी धरूनच तसं लिहिलं.

"आणि त्याच्या शेजारच्याला," त्या म्हणाल्या, "पाणी शेवटचं कधी घातलं?"

मी मुकादमाला विचारलं. तो "काल" म्हणाला. मी शेजारच्या पिंजऱ्यात हात घातला आणि मातीत बोट खुपसलं.