अर्धी लावलेली झडप

मुकर्रम ओपाइतकी हट्टी बाई आमच्या खोकंद शहरातल्या पीठगिरणीत दुसरी झाली नाही. ओपा म्हणजे ताई. पोती भरायच्या यंत्रावर ती आणि मी शेजारीशेजारी. वरच्या टाकीत पीठ अडलं की ती रबरी हातोड्याचा असा ठोका द्यायची, की पीठ निमूट खाली यायचं. बाकीच्या आम्ही नुसत्या ठोकठोक ठोकत बसायचो.

पोत्याच्या तोंडाशी उडणारी धूळ ओढून घ्यायला एक नळी होती. तिची झडप पूर्ण उघडी ठेवायची असा नियम. ओपा ती अर्धी लावून टाकायची, कारण नळीत गेलेलं पीठ गुरांच्या खाद्यात जायचं.

"माणसाच्या तोंडचं अन्न हे! उवाल लागेल." अन्न वाया घालवल्याचं पाप म्हणजे उवाल.

"ओपा, उवाल मेल्यावर लागेल. खोकला आत्ताच लागलाय!"

"मग तोंडाला फडकं बांध. तेवढीच तुझी बडबडही थांबेल."

मी तिची नजर चुकवून झडप उघडायचे. ती येऊन पुन्हा लावायची.

तिचा एकुलता एक मुलगा दोनियोर मजुरीला रशियात गेला. निघताना रिवाजाप्रमाणे त्यानं ताज्या नानाचा एक घास खाल्ला. उरलेलं नान ओपानं भिंतीवर टांगलं. परत आल्यावर ते त्यानंच संपवायचं असतं.

"त्याला ते खाताना पाहू दे, मग अल्लानं खुशाल न्यावं," ती म्हणायची.

पुढं तिला चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, पिठाची धूळ छातीत बसलीय, आता घरच्या तंदूरपाशीही जायचं नाही. ओपानं काम सोडलं, पण फार उशिरा. जर्दाळू पिकायच्या आत ती गेली.

आमच्यात मयत थांबवून ठेवत नाहीत. दोनियोर पोचला तेव्हा माणसं दफन करून परतली होती. त्यानं भिंतीवरचं नान उतरवलं. ते दगडासारखं झालं होतं. चहात बुडवून बुडवून त्यानं ते संपवलं. मग चटईवरचे कण बोटानं टिपले, डोळ्यांना लावले आणि तोंडात टाकले, अगदी त्याची आई टाकायची तसे. त्या कणांचा मला भयंकर राग आला.

"खाला, काही वाया तर गेलं नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही रे बाळा, काहीच नाही," मी म्हणाले आणि रडू फुटायच्या आत अंगणात निघून गेले.